मंदिरातून अंगणात

भागवताच्या दशम स्कंधातील उखळबंधनाची कथा आपण देवळांतून आणि हरिकीर्तनांतून इतक्या वेळा ऐकली आहे की, तिच्या आरंभीचा एक लहानसा तपशील सहसा आपल्या ध्यानात राहत नाही. त्या दिवशी नंदाघरच्या दासी दुसऱ्या कामांत गुंतल्या होत्या, म्हणून यशोदा स्वतः दही घुसळावयास बसली. मूल जवळ आले, रवी धरून दूध मागू लागले. तिने त्यास मांडीवर घेतले. तोच चुलीवरचे दूध उतू जाऊ लागले. मुलाला खाली ठेवून ती धावली. मुलाने रागावून मडके फोडले, लोणी माकडाला चारले. आणि अखेर मातेने त्याच्या कमरेला दावे बांधून त्यास उखळाशी जखडले व ती पुन्हा आपल्या घरकामाला लागली. ‘दामोदर’ हे नाव त्या दाव्यावरून पडले. पुढे मूल उखळ ओढीत दोन अर्जुनवृक्षांच्या मधून गेले, वृक्ष कडाडून कोसळले आणि गोकुळातील लोक घाबरून धावत आले. मूल देव होते म्हणून सुखरूप राहिले.

ह्या कथेतील भक्तीचा अर्थ आपल्या संतांनी आणि कीर्तनकारांनी उलगडून सांगितलेला आहे. परंतु गृहस्थाश्रमी माणसाच्या दृष्टीने तिच्यात एक साधा प्रश्नही दडलेला आहे. आईचे हात कामात गुंतले असताना मुलाकडे पाहावे कोणी? यशोदेच्या घरी दासी होत्या, तरी तिच्यावर हा प्रसंग आला. ज्या घरात दासीही नाही आणि आजीही नाही, जेथे आई स्वतःच दुसऱ्याच्या शेतात किंवा गिरणीत कामाला जाते, तेथील मुलाने काय करावे? ह्या प्रश्नाला आपल्या देशात जे एक मोठे उत्तर दिले गेले, त्याचा इतिहास येथे थोडक्यात सांगावयाचा आहे. हे उत्तर भावनगरच्या एका टेकडीवर मंदिराच्या नावाने जन्मास आले आणि पंचवीस वर्षांनी ठाणे जिल्ह्याच्या समुद्रकाठी गरिबाच्या अंगणात उतरले. त्याच्या ह्या दोन जागांमधील प्रवास दोन मराठी स्त्रियांच्या आयुष्यांनी आखलेला आहे.

एकत्र कुटुंबाच्या काळात मूल कोणा एकाचे नसे. आजी, आत्या, थोरली बहीण, शेजारची काकू ह्यांच्या कडेवरून उतरत चढत ते वाढे. ही व्यवस्था सर्वांना सारखी लाभली, असे मात्र म्हणता येत नाही. शेतावर राबणारी स्त्री झाडाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधून तान्हे मूल तीत निजवी आणि रांगत्या मुलाला मोठ्या बहिणीच्या स्वाधीन करी. त्यामुळे त्या बहिणीचे बालपण तेथेच संपे. शहरांत तर ही झोळी टांगावयास झाडही उरले नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत जाणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळागोळी’ चारून निजवून जात. ही चाल इतकी सर्वत्र होती की, १९२९ साली नेमलेल्या मजूरविषयक शाही आयोगालाही तिची दखल घ्यावी लागली. त्या मातांना निर्दय म्हणणे सोपे आहे. पण त्यांच्यापाशी उखळही नव्हते आणि धावून येणारे गोकुळही नव्हते, एवढे लक्षात घेतले म्हणजे दोष कोणाचा हे निराळे सांगावयास नको.

यंत्रयुगाने हाच प्रश्न युरोपात आधी उभा केला होता. स्कॉटलंडात न्यू लॅनार्क येथील गिरणीचा चालक रॉबर्ट ओवेन ह्याने १८१६ साली मजुरांच्या लहान मुलांसाठी शाळा काढली. जर्मनीत फ्रोबेलने १८४० साली आपल्या बालशाळेला ‘मुलांची बाग’ असे नाव दिले. पण आपल्या कथेशी ज्या प्रयोगाचा थेट संबंध येतो तो रोम शहरातील होय. तेथील सान लोरेन्झो ह्या मजूरवस्तीत एका बांधकाम संस्थेने जुन्या चाळी दुरुस्त करून भाड्याने दिल्या होत्या. आईबाप दिवसभर कामावर जात आणि मागे राहिलेली मुले जिन्यांत, भिंतींवर धुडगूस घालीत. चाळीची नासाडी होऊ नये म्हणून मालकांनी मुलांना एका खोलीत सांभाळण्याचे ठरविले आणि त्या कामावर डॉ. मारिया माँटेसोरी ह्यांस नेमले. ६ जानेवारी १९०७ रोजी उघडलेल्या ह्या ‘बालगृहा’तून पुढे जगप्रसिद्ध शिक्षणपद्धती निर्माण झाली. तिचा उगम मात्र भिंतींच्या रक्षणासाठी काढलेल्या एका पाळणाघरात होता. मुलांना राखणे आणि मुलांना शिकविणे ही दोन कामे निराळी नाहीत, हे त्या खोलीत प्रथम लख्ख दिसून आले.

आता आपण भावनगरला येऊ. नृसिंहप्रसाद भट्ट, म्हणजेच नानाभाई भट्ट, ह्यांनी १९१० साली तेथे एक विद्यार्थिभवन स्थापन केले व त्यास ‘दक्षिणामूर्ती’ हे नाव दिले. शिवालयांच्या दक्षिण भिंतीवरील ही मूर्ती आपल्या वाचकांस अपरिचित नाही. वटवृक्षाखाली बसलेला शिव तरुण आहे, त्याचे शिष्य मात्र वृद्ध ऋषी आहेत. गुरू मौनाने उपदेश करितो आणि शिष्यांचे संशय फिटतात. शाळेला असे दैवत निवडणे हा योगायोग असेल. परंतु पुढे तेथे जे घडले ते ह्या मूर्तीला शोभण्यासारखेच होते.

१९१६ साली गिजुभाई बधेका नावाचे एक वकील आपली चालती वकिली सोडून ह्या संस्थेत आले. १९१३ साली त्यांना पुत्र झाला होता आणि त्याला कसे वाढवावे ह्या चिंतेतून त्यांनी माँटेसोरीबाईंचे ग्रंथ वाचावयास घेतले होते. त्या काळच्या शाळेत छडी हीच विद्येची देवता मानली जाई. आपल्या मुलाला तेथे धाडण्यास गिजुभाईंचे मन घेईना. १९२० साली त्यांनी अडीच वर्षांपासूनच्या मुलांसाठी एक शाळा उघडली आणि तिला नाव दिले ‘बालमंदिर’. पुढे तख्तेश्वराच्या देवळाजवळील टेकडीवर ह्या बालमंदिराची वास्तू उभी राहिली.

‘मंदिर’ हा शब्द त्यांनी शोभेसाठी योजिला नव्हता. देवळात शिरताना आपण पादत्राणे बाहेर काढितो, आवाज खाली आणितो, देवापुढे हात उगारीत नाही. बालमंदिरात शिक्षकाने असेच वागावयाचे होते. मुलाला मारावयाचे नाही, भीती घालावयाची नाही, बक्षिसाचे आमिषही दाखवावयाचे नाही. मुलाने आपल्या हातांनी पाणी ओतावे, फुले रचावी, बटणे लावावी, जमीन झाडावी. मोठ्यांनी जवळ बसून पाहावे आणि जेथे खरोखर अडले तेथेच हात द्यावा. तेथे ‘शांतीचा खेळ’ होई. सर्व मुले डोळे मिटून निश्चल बसत आणि दूरवरचा पक्ष्याचा आवाज, पानांची सळसळ, आपला श्वास ऐकत. तीन-चार वर्षांची पन्नास मुले कोणी न दटावता स्तब्ध बसलेली पाहून पाहुणे थक्क होत. मौनाने शिकविणारा तो तरुण गुरू आणि त्याच्यापुढे विनम्र झालेले वृद्ध शिष्य ह्यांची ज्यांना आठवण आहे, त्यांस ह्या दृश्याचा अर्थ विशद करून सांगण्याची गरज नाही. गिजुभाईंना लोक कौतुकाने ‘मिशीवाली आई’ म्हणत.

ह्या बालमंदिरात १९२३ साली ताराबाई मोडक दाखल झाल्या. मुंबईच्या प्रार्थनासमाजी केळकर घराण्यात १८९२ साली जन्मलेल्या ताराबाई १९१४ साली पदवीधर झाल्या होत्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या असत. राजकोट येथील स्त्रियांच्या अध्यापनविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे होते. प्रतिष्ठेची आणि स्वस्थतेची ती जागा सोडून त्या तीन वर्षांच्या मुलांमध्ये जाऊन बसल्या. १९२६ साली त्यांनी व गिजुभाईंनी मिळून नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. गुजरातीत ‘शिक्षणपत्रिका’ निघतच होती. पुढे ताराबाईंनी ती मराठीतही काढली. आज आपण ‘बालशिक्षण’ ह्या विषयावर मराठीत जी परिभाषा सहज वापरतो, तिचा बराचसा भाग ह्या पत्रिकेच्या पानांवर घडला. दादर येथे १९३६ साली त्यांनी शिशुविहार सुरू केला. तेथे मराठी माध्यमातून बालशिक्षिका तयार होऊ लागल्या आणि बालवर्ग म्हणजे धाकट्यांना डांबून ठेवण्याची जागा नव्हे, हे मध्यमवर्गाला हळूहळू पटू लागले. १९३९ साली गिजुभाई निवर्तले. त्याच साली माँटेसोरीबाई स्वतः भारतात आल्या आणि मद्रासजवळ अड्यार येथे त्यांचे वर्ग सुरू झाले. त्यांच्या पद्धतीचे रोपटे भावनगरच्या मातीत त्यापूर्वीच एकोणीस वर्षे रुजले होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

येथे कथा संपली असती, तर ती एका चांगल्या शाळेची कथा झाली असती. परंतु ताराबाईंच्या मनात एक टोचणी होती. माँटेसोरीची साधने, म्हणजे दट्ट्यांच्या पेट्या, मनोरे, रंगांच्या पट्ट्या, कुशल सुतारांकडून करून घ्यावी लागत आणि त्यांची किंमत मोठी असे. बालमंदिरात येणारी मुले स्वच्छ कपड्यांत, न्याहारी करून, नोकराचे किंवा आईचे बोट धरून येत. ज्या मजुरांच्या मुलांसाठी रोममध्ये ती खोली उघडली होती, त्यांच्यासारखी मुले आपल्याकडे मंदिराच्या पायरीपर्यंतही पोचत नव्हती. महात्मा गांधी १९३१ साली लंडनमध्ये माँटेसोरीबाईंच्या विद्यालयात गेले होते, तेव्हा त्यांनीही गरिबांच्या मुलांचीच गोष्ट काढली होती. १९४४ साली कारावासातून सुटल्यावर गांधीजींनी नयी तालीमचे क्षेत्र जन्मापासून मरणापर्यंत विस्तारले. १९४५च्या जानेवारीत सेवाग्रामला भरलेल्या परिषदेत पूर्व-बुनियादी शिक्षणाचा विचार झाला. खेड्यातले बालशिक्षण कसे असावे हे आता कोणीतरी प्रत्यक्ष करून दाखविणे प्राप्त होते. ताराबाईंनी ते काम अंगावर घेतले. त्यांचे वय त्या वेळी त्रेपन्न वर्षांचे होते.

जागा ठरली ती ठाणे जिल्ह्याच्या (२०१४ पासून पालघर जिल्ह्याच्या) डहाणू तालुक्यातील बोर्डी हे गाव. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस चिकूच्या व नारळाच्या वाड्या आणि त्यांपलीकडे वारली आदिवासींचे पाडे. १९४५ हे साल ह्या मुलखात साधे नव्हते. वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा गोदावरी परुळेकर आदींच्या नेतृत्वाखाली त्याच वर्षी पेटला होता आणि ऑक्टोबरात तलवाडा येथे गोळीबारही झाला होता. जेथे मोठ्या माणसांच्या श्रमाचीच किंमत नव्हती, तेथे मुलांच्या खेळाची किंमत कोण करणार? अशा जागी आणि अशा वर्षी ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले.

ताराबाईंना येथे जी सहकारी लाभली तिचे नाव अनुताई वाघ. अनुताईंचा जन्म १९१० सालचा, पुणे जिल्ह्यात मोरगावचा. अष्टविनायकांतील मयूरेश्वराचे हे गाव आपणा सर्वांस ठाऊक आहे. तेराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला आणि सहा महिन्यांतच त्यांना वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीपुढे घराचा एक अंधारा कोपरा एवढेच भविष्य मांडलेले असे. घरच्यांच्या पाठिंब्याने अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या, चांदवडला व नंतर पुण्यास त्यांनी अध्यापन केले, रात्रशाळेत बसून मॅट्रिक झाल्या. १९४५ साली कस्तुरबा स्मारक निधीतर्फे बोरिवली येथे ग्रामसेविकांचे शिबिर भरले. तेथे त्यांची ताराबाईंशी गाठ पडली. थोडे दिवस जाऊन पाहावे म्हणून त्या बोर्डीस गेल्या आणि १९९२ साली देह ठेवीपर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षे, त्या मुलखातच राहिल्या. १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी बी. ए. ची पदवीही घेतली.

बोर्डीस बालवाडी तर उघडली; पण ज्यांच्यासाठी उघडली ती मुले येईनात. ह्याची कारणे शोधावयास दूर जावे लागले नाही. मोठे मूल धाकट्याला सांभाळीत होते. त्याने शाळेत यावे तर धाकट्याने जावे कोठे? अंगावर धड वस्त्र नव्हते. बालवाडी गावात होती आणि गावात जाण्याची ह्या वस्तीला पिढ्यान् पिढ्यांची धास्ती होती. अस्पृश्य म्हणून ज्यांस दाराबाहेर उभे केले, त्यांना ‘आत या’ हा शब्द एकदम खरा कसा वाटावा? सेविका घरोघर जाऊन मुलांना गोळा करून आणीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सामान्य शिक्षकाने अशा वेळी लोकांच्या अडाणीपणाला बोल लावला असता आणि आपल्या हजेरीपटावर रेघ मारली असती.

ताराबाईंनी प्रश्नच उलटा केला. मुले बालवाडीत येत नाहीत ना? मग बालवाडी मुलांकडे जाईल. गावातील मध्यवर्ती बालवाडी तशीच ठेवून सेविका रोज वस्तीत जाऊ लागल्या आणि कोणाच्या तरी झोपडीपुढचे अंगण हीच शाळा झाली. घंटा नाही, दार नाही, उंबरठा नाही. आधी अंगण झाडून घ्यावयाचे. मग मुलांची तोंडे, हातपाय धुवावयाचे, नखे काढावयाची, केस विंचरावयाचे. कडेवरचे भावंड तेथेच बाजूला मातीत बसे. मग गाणी, गोष्टी, खेळ. आया कामावर जाता-येता थांबून पाहत. आपल्याच दारात, आपल्याच मुलाच्या अंगाला हात लावून कोणी शिकलेली बाई त्यास न्हाऊ घालते आहे, हे त्यांनी कधी पाहिले नव्हते. विश्वास बसला तो भाषणांनी बसला नाही; ह्या पाण्याच्या तांब्याने बसला. ह्याच प्रयोगास ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले.

साधनांचा प्रश्नही त्याच अंगणात सुटला. रोममधील लाकडी ठोकळ्यांऐवजी समुद्राच्या शिंपल्या, शंख, चिंचोके, गोटे, पाने, पिसे, बांबूची कांडकी, कुंभाराची लहान मडकी पुढे आली. लहानमोठे ओळखावयाचे तर शिंपल्या लावाव्या; रंग ओळखावयाचे तर पाने आणि फुले; मोजावयाचे तर चिंचोके; जड-हलके समजावयाचे तर दगड आणि पीस. तत्त्व तेच राहिले आणि खर्च जवळजवळ नाहीसा झाला. शिवाय ही साधने मुलाच्या ओळखीची होती, त्यामुळे शाळा आणि घर ह्यांत परकेपणाची भिंत उभी राहिली नाही. ज्यांस वाटते की गरिबांची शाळा म्हणजे श्रीमंतांच्या शाळेची हीन नक्कल, त्यांनी ह्या शिंपल्यांचा विचार करावा.

नावाचाही थोडा विचार करू. गुजरातीत ‘वाडी’ म्हणजे बाग. आपल्या कोकण-गोमंतकातही माडा-पोफळीची वाडी असतेच, आणि घरांच्या लहान वस्तीलाही आपण वाडी म्हणतो. फ्रोबेलच्या ‘मुलांच्या बागे’ला ह्याहून नेमका आणि ह्याहून घरगुती शब्द सापडला नसता. त्याला ‘अंगण’ जोडले गेले आणि झाडे, घरे व मुले तिन्ही एका शब्दात नांदू लागली. बेळगावच्या बाजारात कानडीतून, हैदराबादेत तेलुगूतून, केरळात मल्याळीतून हा शब्द कानी पडतो, तेव्हा तो बोर्डीच्या एका वस्तीतून निघाला आहे, हे मराठी माणसाने स्मरावे.

१९५७ साली केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. भावनगरला एक टेकडी, येथे दुसरी; परंतु ह्या टेकडीच्या भोवती वारल्यांचे पाडे होते. येथे दोन गोष्टी विशेष घडल्या. पहिली म्हणजे ‘विकासवाडी’. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात आणली गेली. सहा-सात वर्षांची मुलगी आपल्या वर्षाच्या भावास कडेवर घेऊन आली, तर तिला दारातून परत न पाठविता भावाला पाळण्यात आणि तिला वर्गात बसवावयाचे, एवढी ही साधी युक्ती होती. पाळणाघर हे केवळ आईसाठी असते असे आपण समजतो. कोसबाडला दिसून आले की, ते थोरल्या बहिणीसाठीही असते; धाकट्याच्या पाळण्यामुळे तिच्या हातात पाटी येते. दुसरी गोष्ट ‘कुरणशाळा’. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, कारण गुरांना सुटी नसते. तेव्हा शिक्षकच गुरांमागून कुरणात गेले. चरणाऱ्या गुरांची मोजदाद हे गणित, झाडे-पाखरे हे वाचन आणि टेकडीचा उतार हा भूगोल झाला. गोकुळातील गोपाळांच्या शाळेस ह्याहून योग्य रूप कोणते असते?

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले; १९७३ साली त्या वारल्या. अनुताईंनी केंद्राची धुरा पुढे नेली. त्यांचे आत्मकथन ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे मराठी वाचकांस परिचित आहे. १९८५ साली त्यांस पद्मश्री लाभली. दरम्यान वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञान विद्याशाखेने चेतन बालवाडी चालवून बालविकासाचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला होता. दिल्लीत मीरा महादेवन ह्यांनी १९६९ साली बांधकामावरील मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरे काढली. इमारत पुरी होऊन मजूर दुसरीकडे गेले म्हणजे पाळणाघरही त्यांच्यामागून जाई. अंगणात जाण्याचे तेच तत्त्व येथे विटांच्या ढिगाऱ्यापर्यंत पोचले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रास ‘अंगणवाडी’ हेच नाव दिले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, गरजेनुसार रुग्णालयात पाठवणी, मातांना आरोग्याचे शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा एका छपराखाली आल्या. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक वस्तीला अंगणवाडी मिळावी म्हणून किमान चौदा लाख केंद्रे उघडण्याचा आदेश दिला. बोर्डीच्या एका अंगणातील प्रयोगाचा हा विस्तार कोणत्याही मापाने असामान्य आहे. खेड्यापाड्यांतील असंख्य मुलांना पहिली लस, पहिले वजन आणि पहिले गाणे ह्याच जागी मिळाले.

तथापि विस्तारात काही गोष्टी सांडल्याही. सहा सेवांतील आहार मोजता येतो, लस मोजता येते. गाणे मोजता येत नाही. त्यामुळे नोंदवह्या वाढत गेल्या आणि शिंपल्या मागे पडल्या. अंगणवाडी दिवसातील थोडेच तास उघडी असते. आईचा कामाचा दिवस त्याहून मोठा असतो. तीन वर्षांखालील मुलाला तेथून शिधा मिळे, परंतु त्यास दिवसभर ठेवून घेण्याची सोय बहुधा नसे. म्हणजे यशोदेचा प्रश्न पुष्कळ अंशी तसाच राहिला. १९४८च्या कारखाने कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया काम करीत असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले, १९७६ साली ही संख्या तीसवर आणली गेली. परंतु शेतात, विटभट्टीवर आणि दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या स्त्रीला ह्या कायद्याचा उपयोग नव्हता. २०२२ साली ‘पाळणा’ योजनेखाली अंगणवाड्यांना पाळणाघरे जोडण्यास आरंभ झाला. कोसबाडच्या विकासवाडीने जी गोष्ट साठ वर्षांपूर्वी सहज केली होती, तिच्याकडे राज्यव्यवहार इतक्या उशिरा वळला.

सर्वांत मोठी उणीव मात्र त्या अंगणात बसणाऱ्या बाईविषयी राहिली. १९७५च्या योजनेने तिला ‘मानसेवी’ ठरविले. तिला पगार नाही, मानधन. केंद्राच्या हिशेबातील हे मानधन २०१८ साली दरमहा ३,००० रुपयांवरून ४,५०० रुपये झाले. त्यात राज्ये आपापली भर घालतात. आयुष्याची तीस-तीस वर्षे मुले सांभाळून निवृत्त झालेल्या सेविकांना उपदान मिळावे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावा लागला. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. मुलाला देव म्हणावयाचे आणि त्याची सेवा करणारीला अर्ध्या पोटी ठेवावयाचे, हे आपल्या कोणत्याही देवळात शोभले नसते. देवाच्या पुजाऱ्याच्या, वाजंत्र्यांच्या, झाडलोट करणाऱ्यांच्या वृत्तीची तरतूद आपल्या पूर्वजांनी जमिनी लावून देऊन करून ठेविली होती. कारण सेवेकरी उपाशी तर पूजा खंडित, हे त्यांस कळत होते.

ह्या इतिहासातून देवस्थानाभोवती नांदणाऱ्या आपल्यासारख्यांनी काय घ्यावे? मला पालखीची आठवण होते. देव गर्भगृहात असतो, तेथे जाऊन आपण त्याचे दर्शन घेतो. पण वर्षातील नेमक्या दिवशी उत्सवमूर्ती पालखीत बसून बाहेर निघते. कोकणात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते. वृद्धाला, आजाऱ्याला, देवळापर्यंत येऊ न शकणाऱ्याला त्याच्या अंगणात दर्शन घडते. त्या दिवशी अंगण सारवलेले असते, रांगोळी घातलेली असते, आणि कोणी असे म्हणत नाही की, देव देवळाबाहेर पडला म्हणून त्याचे देवपण उणे झाले. गिजुभाईंनी मुलासाठी मंदिर बांधिले. ताराबाई आणि अनुताई ह्यांनी त्या मंदिरातून पालखी काढली. मंदिर नसते तर पालखीत काय ठेवावे हे कळले नसते. आणि पालखी निघाली नसती तर मंदिर थोड्यांचेच राहिले असते.

आपल्या पुष्कळ देवस्थानांपाशी अग्रशाळा आहेत, सभामंडप आहेत, धर्मशाळा आहेत. जत्रेचे चार दिवस त्या गजबजतात आणि एरवी त्यांच्या खोल्यांना कुलपे असतात. अनेक गावांत पहिली अंगणवाडी देवळाच्या ओसरीवरच भरली, ही गोष्ट जुन्या माणसांस आठवेल. त्याच परिसरात सकाळी फुले विकणारी, भांडी घासणारी, शेतावर जाणारी स्त्री आपले मूल कोणाजवळ तरी ठेवून जात असते. एखाद्या बंद खोलीचे कुलूप तिच्या मुलासाठी उघडले, त्यात एक पाळणा टांगला आणि मुलांकडे पाहणाऱ्या बाईस तिच्या श्रमाचे योग्य मोल दिले, तर देवस्थानाच्या जमाखर्चात तो खर्च कोणत्या सदरात घालावा, असा प्रश्न विश्वस्तांना पडेल. माझ्या मते तो नैवेद्याच्या सदरात घालावा. गोकुळाष्टमीला आपण पाळणा हालवितो. त्या पाळण्याची दोरी वर्षातील उरलेल्या दिवशीही कोणाच्या तरी हाती असली पाहिजे.